दोन विती डावीकडे

तीन नंबरच्या लाइनवर यंत्राचा हात
दर खेपेला जरा जास्तच वळतो डावीकडे,
बोल्ट उचलतो, परत येतो.
नऊ दशांश सेकंद.
स्टॉपवॉच घेऊन मी सकाळभर तिथे उभा,
मागे सुगिउरा-सान, हात पाठीशी बांधून, गप्प.
ते शिकवतात ते असंच.

दिवसाला तेवीसशे पंप.
म्हणजे चौतीस मिनिटं,
रोज, कुणाच्याच खिशात न पडता
हेकिनानच्या हवेत विरून जाणारी.

का, असं पाच वेळा विचारायचं, हा आमचा नेम.
हात वळतो, कारण ट्रे तिकडे आहे.
ट्रे तिकडे, कारण ड्रॉइंगमध्ये तसा आहे.
ड्रॉइंग ज्यानं काढलं त्यानं जुन्यावरून गिरवलं,
आणि जुन्याच्या कोपऱ्यात
पुसट शिसपेन्सिलीनं एक आकडा: ११८७.

तळघरात सूचनांच्या चिठ्ठ्या,
दोऱ्यानं बांधलेले गठ्ठे, कसर लागलेले.
११८७. वसंत ऋतू, १९७४. कुरिमोतो हात्सुए.
‘बोल्टचा ट्रे दोन विती डावीकडे घ्यावा.
खांद्याला आराम. वेळही वाचेल.’
खाली शिक्का, मंजूर.
बक्षीस तीनशे येन आणि साबणाची एक वडी.

ताळा जमेना.
त्या जागी मी स्वतः उभा राहून पाहिलं,
रिकाम्या हातांनी, शंभर वेळा.
उजव्या हाताच्या माणसाचा वेळ तिथे वाचत नाही.
कंबर तेवढी मोडते.

हात्सुए-सान खाडीकाठच्या वृद्धाश्रमात.
संत्रं सोलत होत्या, साल एका लांब पट्टीत.
चिठ्ठी पाहून आधी हसल्या, मग चष्मा मागितला.

मित्सुयो, म्हणाल्या.
माझी पाळी संपली की त्याच जागी उभी राहायची ती.
सतरा वर्षांची. डोंगरातल्या गावची. डावखुरी.
त्या हातावर घरी छड्या खाल्लेल्या,
त्यामुळे कुणाला दाखवायची नाही.
उजव्यानं लावायची बोल्ट, दहातला एक तिरपा,
आणि फोरमन वहीत फुल्या मारायचा तिच्या नावापुढे.
अजून चार फुल्या, की डावलली असती कायमची.

आणि खांदा?
खांद्याला काय धाड भरली होती!
त्यांनी तो उडवून दाखवला. अजून शाबूत.

मंजुरी आली, मग मलाही शिकावं लागलं डाव्यानं उचलायला.
आठ दिवस माझेच बोल्ट सांडले.
तिच्या फुल्या मात्र थांबल्या, लाइनचे आकडे सुधारले,
साहेब खूश.
आकड्यांचं काय, कारण कुठलंही द्या, त्यांना चालतं.

पुढे लग्न होऊन गेली.
नव्या वर्षाचं कार्ड यायचं, अक्षरं डावीकडे कललेली.
मग यायचं थांबलं.

ट्रे हलवू का, मी विचारलं.
आवाज मुद्दाम हळू ठेवला होता.
हलव की! यंत्राला कुठला डावा नि उजवा?
आम्ही पेन्सिलीनं लिहायचो, ते काय उगाच?
एवढं बोलून अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.
फक्त हलवण्याआधी बघून घे,
शेजारी कोण उभं असतं ते.

सोमवारी ट्रे हलवला.
हात आता सरळ जातो, सरळ येतो.
फॉर्मवर पाचव्या ‘का’पुढे मी लिहिलं, मित्सुयो.
सुगिउरा-सान यांनी ते दोनदा वाचलं,
खोडलं नाही.

मग पहिल्यांदाच पुढच्या टेबलाकडे पाहिलं मी.
थुयेत, दोन वर्षांपूर्वी हायफोंगहून आलेली,
वरचं हिरवं बटण दाबायला
दर खेपेला टाचा उचलते.

दिवसाला किती वेळा?
मोजलंच नव्हतं.